सामूहिक धर्मांतर आणि पूर्वजांचा प्रश्न : फ्रीजियनांचा बाप्तिस्मा व नागपूरची धम्मदीक्षा

इ. स. च्या आठव्या शतकाच्या आरंभी उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर राज्य करणाऱ्या राडबोड या फ्रीजियन राजाविषयी एक कथा युरोपातील मध्ययुगीन संतचरित्रांत नमूद आहे. राजा ख्रिस्ती धर्म स्वीकारण्यास सिद्ध झाला, बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी आला, एक पाऊल त्याने पाण्यात टाकलेही. आणि तेवढ्यात थबकून त्याने धर्मोपदेशकास विचारले की, आपल्या आधी होऊन गेलेले फ्रीजियनांचे राजे आणि सरदार आज कोठे आहेत, उपदेशक ज्या स्वर्गाचे वर्णन करतो त्यात, की नरकात? बिशप वुल्फ्राम याने उत्तर दिले की, बाप्तिस्म्यावाचून मेलेले ते सर्व नरकातच गेले. हे ऐकताच राजाने पाऊल मागे घेतले. मूठभर दरिद्री लोकांसमवेत स्वर्गात जाण्यापेक्षा आपल्या पूर्वजांच्या संगतीत राहणे त्याने पसंत केले.

ही कथा इतिहास म्हणून टिकत नाही. ती ज्या चरित्रात आढळते ते वुल्फ्रामचे चरित्र फाँतनेलच्या मठात इ. स. ८०० च्या सुमारास, म्हणजे राडबोडच्या मृत्यूनंतर सुमारे ऐंशी वर्षांनी, लिहिले गेले. आणि ज्या काळी हा प्रसंग घडला असे त्यात सांगितले आहे त्या काळी वुल्फ्राम हयात होता की नाही याविषयीच अभ्यासकांस रास्त शंका आहे. तथापि मठात बसून लिहिणाऱ्या चरित्रकाराने राजाच्या नकारासाठी हेच कारण का निवडावे, हा प्रश्न कथेच्या सत्यासत्यतेपेक्षा मोलाचा आहे. धर्मांतराच्या मार्गात खरी अडचण देवांची नसून मृतांची आहे, हे त्याला ठाऊक होते. मनुष्य देव बदलू शकतो. मात्र आपला बाप, आजा, पणजा यांचे काय करावयाचे हे त्याला कोणी तरी सांगावे लागते.

सामूहिक धर्मांतराचा अभ्यास बहुधा राज्यसत्ता, आर्थिक लाभ आणि सिद्धान्त या अंगांनी केला जातो. पूर्वजांचा प्रश्न त्यात उपेक्षित राहतो. नागपूर येथे ता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झालेल्या धम्मदीक्षेचा विचार करताना मात्र त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. कारण तेथे हाच प्रश्न उघडपणे विचारला गेला आणि त्याचे उत्तर राडबोडला मिळालेल्या उत्तराच्या अगदी उलट होते.

फ्रीजियन लोक आजच्या नेदरलँड्सच्या व वायव्य जर्मनीच्या किनारपट्टीत राहत. भरतीचे पाणी ज्या सखल भूमीवर पसरे तेथे माती, शेण व केरकचरा यांची भर घालून उभारलेल्या टेकाडांवर त्यांची गावे वसलेली होती. ते कुशल दर्यावर्दी व व्यापारी होते. ऱ्हाईन नदीच्या फाट्यावरील डोरेस्टाड हे व्यापारी बंदर ताब्यात ठेवण्यासाठी फ्रीजियन आणि फ्रँक यांच्यात दीर्घकाल झगडा चालला होता. ख्रिस्ती धर्म त्यांच्याकडे दोन वाटांनी आला. इंग्लंडमधील यॉर्कचा बिशप विल्फ्रिड इ. स. ६७८ च्या हिवाळ्यात तेथे उतरला तेव्हा आल्डगिस्ल या राजाने त्याचे आदरातिथ्य केले, आणि त्या वर्षी मासळी भरपूर मिळाल्याने लोक त्याच्या उपदेशाकडे वळले, असे त्याचा चरित्रकार सांगतो. येथे तलवार नव्हती. दुसरी वाट फ्रँक सैन्याच्या मागोमाग येणारी. इ. स. ६९० मध्ये विलिब्रॉर्ड हा इंग्लिश संन्यासी अकरा सहकाऱ्यांसह आला, फ्रँकांचा सत्ताधीश पेपिन याचा आश्रय त्याने मिळविला, ६९५ मध्ये रोम येथे पोपकडून त्याला आर्चबिशपपद मिळाले आणि उट्रेख्ट हे त्याचे पीठ झाले. जिंकणारा आणि बाप्तिस्मा देणारा यांतील भेद फ्रीजियनांस दिसेनासा झाला असल्यास नवल नाही. ७१४ मध्ये पेपिन मरताच राडबोडने गमावलेला प्रदेश परत घेतला, चर्च जाळली, आणि ७१६ मध्ये कोलोनजवळ प्रत्यक्ष चार्ल्स मार्टेलचा पराभव केला. ७१९ मध्ये तो वारला. ७३४ मध्ये चार्ल्सने आरमार घेऊन फ्रीजियनांचा पाडाव केला व त्यांची देवस्थाने उद्ध्वस्त केली.

देवस्थानांविषयी एक प्रसंग अल्कुइनने लिहिलेल्या विलिब्रॉर्ड-चरित्रात आहे. फोसिटे या देवाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका बेटावर पवित्र झरा होता. त्याचे पाणी मौन पाळूनच भरावयाचे, आणि तेथे चरणाऱ्या गुरांना कोणी हात लावावयाचा नाही, असा निर्बंध होता. विलिब्रॉर्डने त्याच झऱ्यात तिघांना बाप्तिस्मा दिला आणि ती गुरे मारून सोबत्यांना खाऊ घातली. लोकांनी अपेक्षा केली की त्यांना वेड लागेल किंवा ते तत्काळ मरतील. काहीच घडले नाही. राडबोडने तीन दिवस चिठ्ठ्या टाकून दैवाचा कौल घेतला, आणि कौलात सापडलेला एक जण मात्र मारला गेला. देव खोटा ठरविण्याची ही रीत फार जुनी आहे आणि तिचा परिणामही होतो. परंतु झऱ्याचा देव असा खोटा ठरविता येतो. पूर्वज तसा ठरविता येत नाही. त्याच्यावर ‘तो नरकात आहे’ असे म्हणण्याखेरीज उपाय उरत नाही, आणि ते म्हणताच ऐकणारा पाऊल मागे घेतो.

चर्चच्या धुरीणांना हे उमगले होते, असे आठव्या शतकातील एका लहानशा यादीवरून दिसते. अंधश्रद्धा व मूर्तिपूजकांच्या चालीरीती यांची तीस कलमांची लॅटिन यादी व्हॅटिकनच्या ग्रंथालयातील एका हस्तलिखितात आहे; ती बोनिफेस या धर्मोपदेशकाच्या वर्तुळातली मानली जाते. तिचे पहिलेच कलम थडग्यांपाशी होणाऱ्या आचारांविषयी आहे आणि दुसरे मृतांविषयीच्या विधींबद्दल. वृक्ष, झरे, देव, शकुन हे सर्व पुढे येते. त्याच हस्तलिखितात बाप्तिस्मा घेणाऱ्याने लोकभाषेत उच्चारावयाची एक प्रतिज्ञाही आहे. तीत तीन जुन्या देवांची नावे घेऊन त्यांचा त्याग करावयाचा आहे. म्हणजे प्रतिज्ञा देवांविरुद्ध, पण पहिली चिंता थडग्यांची. शेजारच्या सॅक्सन लोकांसाठी शार्लमेनने इ. स. ७८२ ते ७८५ च्या दरम्यान काढलेल्या कठोर शासनात तर मृत ख्रिस्ती माणसास चर्चच्या दफनभूमीतच पुरावे, जुन्या टेकाडांत पुरू नये, असे स्पष्ट कलम आहे. आणि जुन्या रीतीने दहन करणाऱ्यास देहान्ताची शिक्षा आहे. नातवाचे प्रेत आजोबांच्या शेजारी जाऊ नये, याचा बंदोबस्त राजाज्ञेने करावा लागला.

स्वतः बोनिफेस ता. ५ जून ७५४ रोजी डोक्कुम येथे सोबत्यांसह मारला गेला. त्यानंतरच्या पिढीत धर्मप्रसाराचे काम खुद्द फ्रीजियन घराण्यातील लिउड्गर याने हाती घेतले, आणि तेथून चित्र पालटू लागले. लिउड्गरच्या चरित्रात बर्नलेफ नावाच्या एका आंधळ्या गायकाचा उल्लेख येतो. पूर्वजांचे पराक्रम आणि राजांची युद्धे तो वाद्यावर गाऊन सांगे, म्हणून लोकांना तो फार प्रिय होता. लिउड्गरने त्याला दृष्टी दिली, अशी आख्यायिका आहे. निश्चित एवढेच की तो लिउड्गरचा शिष्य झाला आणि त्याच्याकडून बायबलमधील स्तोत्रे शिकला. ७८४ च्या उठावात लिउड्गरला देश सोडावा लागला तेव्हा मरणोन्मुख बालकांना घरोघर जाऊन बाप्तिस्मा देण्याचे काम याच गायकाकडे आले. बर्नलेफने पूर्वजांची गाणी सोडून दिली असे चरित्रकार कोठेही म्हणत नाही. परक्या बिशपाला जे साधले नाही ते पूर्वजांची स्मृती जपणाऱ्या माणसाच्या हातून साधले, असा याचा अर्थ घेतल्यास तो ओढूनताणून काढलेला ठरू नये.

या साऱ्या हकिकतीत एक उणीव आहे, आणि ती भरून निघण्याचा संभव नाही. जे काही लिहिले गेले ते धर्म देणाऱ्यांनी लिहिले, घेणाऱ्यांनी नाही. राडबोडच्या तोंडचे शब्दही मठातलेच आहेत. नागपूरच्या बाबतीत परिस्थिती याच्या विरुद्ध आहे. तेथे धर्म घेणाऱ्यांनी भाषणे केली, वृत्तपत्रे चालविली, आत्मकथने लिहिली. आणि ज्याने धर्मांतराची मांडणी केली तो स्वतः त्या समाजातला होता. सत्तेचा क्रमही उलटा होता. फ्रीजियनांना जेत्यांचा धर्म घ्यावा लागला. नागपूरच्या जनसमुदायाने जो धर्म घेतला त्याच्यामागे देशात कोणतेही राज्य उभे नव्हते. उलट, अनुसूचित जातींसाठी असलेल्या केंद्रीय सवलती त्याने गमावल्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये त्या हिंदूंपुरत्या मर्यादित होत्या. १९५६ मध्ये त्या सर्व शीख दलितांस लागू झाल्या. बौद्धांस मात्र त्यासाठी १९९० सालापर्यंत वाट पाहावी लागली. चौतीस वर्षांची ही हानी धर्मांतराच्या ‘ऐहिक लाभा’ची भाषा बोलणाऱ्यांनी ध्यानात घेतली पाहिजे.

आता पूर्वजांकडे वळू. महार समाजाला हिंदू समाजव्यवस्थेत आपल्या पूर्वजांविषयी काय सांगितले जात असे? अस्पृश्यतेचे समर्थन दोन प्रकारे होई. एक कर्मविपाकाचे : या जन्मीचे हीनत्व हे मागील जन्मीच्या पापाचे फळ. दुसरे उत्पत्तिकथांचे : मूळ पुरुषाकडून मृत गाईचे मांस खाण्याचा दोष घडला, आणि त्याचे प्रायश्चित्त वंशजांच्या माथी आले. अशा कथा महार समाजातही सांगितल्या जात, ही गोष्ट विशेष लक्षणीय होय. चौदाव्या शतकातील चोखामेळ्यासारख्या श्रेष्ठ भक्ताच्या नावावरील रचनांतही पूर्वजन्मीच्या दोषाचा स्वर उमटतो. विठ्ठलाच्या महाद्वारी त्याला समाधी मिळाली, पण द्वाराच्या आत नव्हे. मेलेली जनावरे ओढणे, गावच्या सीमेची राखण करणे, मर्तिकाचा निरोप परगावी पोचविणे ही वतनी कामे पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या समाजाला आपल्या आज्या-पणज्याविषयी एवढेच कळत होते की, कोणी तरी काही तरी अपराध केला होता. फ्रीजियन राजाला नव्या धर्माने सांगितले की तुझे पूर्वज दोषी आहेत. महाराला हे त्याच्या जुन्या धर्मानेच सांगून ठेवले होते. दोन धर्मांतरांतील मूलभूत अंतर येथे आहे.

हा आरोप फेटाळण्याचे काम १९५६ च्या बरेच आधी सुरू झाले. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त शूद्रातिशूद्रांचे पूर्वज या भूमीचे मूळ स्वामी होते आणि आक्रमकांनी त्यांना दास केले, अशी मांडणी केली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यांच्या संस्थेचे नाव ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ असे होते. नावातच पूर्वजांचा प्रश्न दडलेला आहे : दोष मानला आहे, पण तो परिहार होण्याजोगा, आणि ज्यांच्या माथी तो आला ते अनार्य. नागपुरात किसन फागुजी बनसोड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून हीच भाषा वापरली. पुढे डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हा बनसोड त्यांच्याबरोबर गेले नाहीत. चोखामेळ्याचा वारसा सोडणे त्यांना मान्य झाले नाही. नव्या मार्गाला विरोध करणारे सगळेच भित्रे किंवा स्वार्थी होते असे मानण्याची चूक पुष्कळांकडून होते. बनसोडांच्या नकारात पूर्वजांविषयीची निष्ठाच होती; त्यांचा पूर्वज चोखामेळा होता एवढाच फरक.

ता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथे, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, या आशयाची घोषणा डॉ. आंबेडकरांनी केली. मे १९३६ मध्ये मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी धर्मांतराची कारणे विस्ताराने मांडली. त्या भाषणाचा भर सामर्थ्य, समता आणि स्वातंत्र्य यांवर आहे. कोणत्या धर्मात जावयाचे हे तेव्हा ठरलेले नव्हते. ख्रिस्ती, शीख, मुसलमान, सर्वांकडून निमंत्रणे येत होती. पूर्वजांचा प्रश्न सुटला तो १९४८ मध्ये, अस्पृश्यांच्या मूळाविषयीच्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात. त्यातील सिद्धान्त थोडक्यात असा : टोळ्यांच्या आपसांतील युद्धांत पराभूत होऊन विखुरलेली माणसे स्थिर झालेल्या गावांच्या कडेला, राखणदार म्हणून, राहू लागली; ती बौद्ध होती; ब्राह्मणांनी गोमांस वर्ज्य केल्यावरही ती मृत गाईचे मांस खात राहिली; आणि बौद्ध धर्माविषयीचा द्वेष व गोमांसभक्षण या दोहोंमुळे इ. स. ४०० च्या सुमारास ती अस्पृश्य ठरविली गेली. वंशभेदाचा सिद्धान्त त्यांनी नाकारला, हेही नमूद केले पाहिजे.

इतिहासकारांनी हा सिद्धान्त सर्वस्वी स्वीकारलेला नाही. पुराव्याच्या तुटलेल्या दुव्यांच्या जागी कल्पनेचा आधार घ्यावा लागला, हे खुद्द ग्रंथकर्त्यानेच प्रस्तावनेत सांगितले आहे. परंतु त्या कल्पनेने काय केले ते पाहावे. उत्पत्तिकथेतील सर्व तपशील तिने जागच्या जागी ठेवले : गावाबाहेरची वस्ती, राखणदारी, मृत गाईचे मांस. फक्त न्यायनिवाडा फिरविला. जो पूर्वज पापी म्हणून शिक्षा भोगत होता तोच आता आपल्या धर्मावरील निष्ठेसाठी शिक्षा भोगणारा ठरला. अपराध्याचे वंशज एका रात्रीत हुतात्म्यांचे वंशज झाले.

नागपूरची निवड याच सूत्रात बसते. ता. १५ ऑक्टोबरच्या सकाळी दीक्षाभूमीवर केलेल्या दीर्घ भाषणात डॉ. आंबेडकरांनी, हे शहर का निवडले, याविषयी वर्तमानपत्रांतून चाललेले तर्क फेटाळून लावले आणि आपले कारण सांगितले. भारतात बौद्ध धर्माचा प्रसार ज्यांनी केला ते नाग लोक होते. आर्यांनी त्यांचा छळ केला. अगस्ती मुनींनी वाचविलेल्या एका नागाचे आपण वंशज. नागांची वस्ती या भागात होती आणि शहरातून वाहणारी नदीही नाग नदीच आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुराणकथा, भूगोल आणि इतिहास यांची येथे सरमिसळ आहे, हे कोणीही सांगू शकेल. तथापि विदर्भाच्या प्राचीन इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास तीत हसण्यासारखे काही आढळणार नाही. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांनी १९६९-७० मध्ये भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली केलेल्या उत्खननात ख्रिस्तपूर्व काळातील स्तूपांचे अवशेष उजेडात आले. आणि तेथील शिल्पांत मुचलिंद नागाचे नावासह अंकन आहे. वैनगंगेच्या काठी नाग आणि बुद्ध एकत्र होते, हे दीक्षेनंतर चौदा वर्षांनी दगडावर सिद्ध झाले. त्या उपासकांचे रक्ताचे वंशज नेमके कोण, हे कोणतेही उत्खनन सांगणार नाही.

दीक्षेचा दिवस विजयादशमीचा होता. नागपूर त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी होते. राज्यपुनर्रचना दोन आठवड्यांवर येऊन ठेपली होती. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटच्या लगतच्या मैदानावर महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून पांढरी वस्त्रे नेसलेले स्त्रीपुरुष जमले होते. त्यांची संख्या तीन ते पाच लाखांच्या दरम्यान सांगितली जाते. व्यवस्थेचा भार वामनराव गोडबोले आणि त्यांच्या नागपुरातील सहकाऱ्यांवर होता. कुशीनाराचे वयोवृद्ध ब्रह्मी भिक्षू ऊ चंद्रमणी महास्थविर यांनी डॉ. आंबेडकर व सविताबाई यांना त्रिशरण व पंचशील दिले. त्यानंतर जे घडले ते बौद्ध परंपरेला अपूर्व होते : भिक्षू नसलेल्या एका उपासकाने स्वतः उभे राहून लाखो लोकांना दीक्षा दिली आणि त्यांच्याकडून मराठीत बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या.

या प्रतिज्ञांची तुलना आठव्या शतकातील त्या बाप्तिस्म्याच्या प्रतिज्ञेशी केल्यावाचून राहवत नाही. दोन्ही लोकभाषेत आहेत. दोहोंत जुन्या देवांची नावे घेऊन त्याग आहे. दोन्ही एकेका व्यक्तीने पण समुदायात उच्चारावयाच्या आहेत. सहावी प्रतिज्ञा मात्र वेगळी आहे. तीत श्राद्ध न करण्याचे व पिंडदान न करण्याचे वचन आहे. वरवर पाहता पूर्वजांशी संबंध तोडण्याचे हे वचन होय. राडबोडला ज्याची धास्ती वाटली तेच. हिंदू समाजात पिंड न देणे म्हणजे पितरांना उपाशी ठेवणे. मग लाखो लोकांनी ते वचन न अडखळता कसे दिले?

एक उत्तर डॉ. आंबेडकरांच्या धम्मविचारात आहे. १९५७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या मूळ इंग्रजी ग्रंथात अमर आत्म्याची कल्पनाच नाकारलेली आहे. आत्मा नाही, म्हणून पितृलोकात खोळंबलेला पितरही नाही, आणि नरकात पडलेला आजाही नाही. पारंपरिक बौद्ध ग्रंथांत नरकांची व प्रेतयोनीची वर्णने विपुल आहेत. त्यांतले काहीही नागपूरच्या मैदानावर आले नाही. वुल्फ्रामला ज्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले तो प्रश्नच येथे उद्भवत नव्हता. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. पूर्वज जर बौद्धच होते, तर धम्मदीक्षा घेणारा मनुष्य त्यांना सोडून जात नाही. मधल्या दीड हजार वर्षांच्या सक्तीनंतर तो त्यांच्याकडे परत येतो. पिंड बंद झाला तो पितर दुरावले म्हणून नव्हे. पिंड देणारा विधी आणि तो सांगणारा पुरोहित हेच पितरांच्या विटंबनेस कारण झाले होते.

दीक्षेला आठ आठवडेही होतात न होतात तोच, ता. ६ डिसेंबर १९५६ रोजी, डॉ. आंबेडकरांचे दिल्ली येथे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी मुंबईस अंत्यसंस्काराच्या वेळी भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या असंख्य लोकांना दीक्षा दिली. मृत्यूच्या सान्निध्यात घेतलेल्या या दीक्षेचा भावनिक अर्थ वेगळा सांगावयास नको. पुढील काही वर्षांत गावोगावी देव्हाऱ्यातील मूर्ती व टाक नदीत, विहिरीत विसर्जित झाले. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या २,४८७ होती. १९६१ मध्ये ती २७,८९,५०१ झाली. फ्रीजियनांच्या ख्रिस्तीकरणाला शंभराहून अधिक वर्षे लागली होती.

परंतु मृतांचा प्रश्न एका प्रतिज्ञेने संपत नाही. बौद्ध कुटुंबांत मृत्यूनंतर ठरावीक दिवशी नातलग जमतात, मृताच्या प्रतिमेसमोर मेणबत्ती लावतात, त्रिशरण-पंचशील म्हणतात आणि ‘जलदान विधी’ व ‘पुण्यानुमोदन’ करतात. पुण्यानुमोदन हे थेरवादी परंपरेतून आलेले आहे : जिवंतांनी केलेल्या पुण्यकर्मात मृतास सहभागी करावयाचे. जलदानाविषयी मात्र समाजात वाद आहे. सहाव्या प्रतिज्ञेने निषिद्ध ठरविलेले तर्पण मागील दाराने आत आले, असे काहींचे मत आहे; शोक करण्यास समाजाला काही तरी रीत हवीच, आणि ही रीत पुरोहितावाचून, पिंडावाचून पार पडते, असे इतरांचे म्हणणे आहे. आठव्या शतकातील यादीचे पहिले कलम लिहिणाऱ्याला हा वाद चटकन समजला असता. मात्र त्याच्या हाती राजाचे शासन होते. येथे कोणाच्याही हाती ते नाही, आणि म्हणूनच वाद चालू राहतो. श्राद्ध सोडलेल्या पहिल्या पिढीने आपल्या आईबापांचा मृत्यू कसा पार पाडला, कोणते शब्द उच्चारले, कोणाला बोलाविले, याची गाववार नोंद विदर्भात करता आली तर बावीस प्रतिज्ञांच्या अभ्यासाला त्याने जी भर पडेल ती केवळ ग्रंथांच्या वाचनाने पडणार नाही.

दीक्षाभूमीवरील भव्य स्तूपाचे बांधकाम १९७८ मध्ये सुरू झाले आणि ता. १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. स्तूप म्हणजे मुळात मृताच्या अवशेषांवर रचलेले टेकाड. शार्लमेनच्या शासनाने सॅक्सनांना पूर्वजांच्या टेकाडांपासून दूर नेले. नागपूरला धर्मांतरानंतर टेकाड उभे राहिले, त्यात डॉ. आंबेडकरांच्या अस्थी आहेत, आणि दरवर्षी दसऱ्याला लाखो लोक आपापल्या मुलाबाळांना घेऊन तेथे येतात.